प्रिंटरसाठी कोण जागं राहणार

आमच्या घरात कागद छापायचा असला की आधी दोरी सोडावी लागे. इंदूरच्या रामबागेतलं घर तीन मजली, प्रत्येक मजला जेमतेम दोन खोल्यांचा, जिना उभा आणि अंधारा. खाली आई-बाबा, मधे दादा-वहिनी आणि पुतणी, वर गच्चीला लागून मी. भाजीसाठी गॅलरीतून जी टोपली खाली जाते तिच्यातच पेन ड्राइव्ह जायचा, सोबत चिठ्ठी: 'दुसरी फाइल, पान ३ ते ५, दोन प्रती.' खालून आईची हाक यायची, "अहो, टोपली आली!" मग बाबा चष्मा शोधणार, फाइल शोधणार, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पानं टोपलीतून वर. निम्म्या वेळा पहिलीच फाइल छापलेली असायची.

मी घरी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, त्यामुळे आठवड्याला तीन-चार प्रश्नपत्रिका ठरलेल्या. वहिनीला ऑफिसचे कागद, पुतणीला शाळेचे प्रोजेक्ट. प्रिंटर मात्र बाबांचा. २०१२ साली बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या पावत्या छापायला म्हणून घेतलेला काळा-पांढरा लेझर. त्याला वायफाय नाही, नेटवर्कची केबल लावायला जागा नाही, पाठीमागे यूएसबीचं चौकोनी तोंड तेवढं आहे. इतक्या वर्षांत कागद ओढणारा रोलर एकदा बदलला. टोनर किती वेळा भरून आणला ते कोणी मोजलं नाही. "नवा वायफायवाला घेऊन टाका" हा सल्ला सगळ्यांनी दिला. पण चालतं यंत्र काढायचं हे बाबांच्या हिशोबात बसत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं की एक रविवार घातला की काम होईल.

पाच आठवडे लागले.

दादाचा पहिला उपाय सरळ होता. म्हणाला, लांब केबल घे आणि डक्टमधून वर ओढ. पण यूएसबी २ च्या केबलला नियमाने ५ मीटरची मर्यादा आहे, आणि डक्टमधून वळणं घेत दादाच्या टेबलापर्यंत जायलाच आठ मीटर लागत होते. शिवाय केबल पोचली तरी प्रिंटर एकाचाच होणार. यूएसबीचा व्यवहारच तसा आहे. एका टोकाला संगणक, तो यजमान. दुसऱ्या टोकाला प्रिंटर. यजमानाने विचारलं तरच तो बोलतो, आणि एका वेळी त्याला एकच यजमान असतो. चार जणांचं ऐकायचं असेल तर मधे कोणीतरी बसायला हवं, जो चौघांकडून कागद घेईल आणि प्रिंटरशी एकटा बोलेल. आणि तो कायम जागा हवा. माझी सगळी धावपळ या 'जागं कोण राहणार' पायीच झाली, पण हे मला फार उशिरा कळलं.

पहिला पहारेकरी अर्थात बाबांचा डेस्कटॉप. विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगचा टॅब असतो, तिथे एक खूण केली की प्रिंटर शेअर होतो. नाव द्यायचं असतं; मी साधं 'बाबा' दिलं. तरी माझ्या लॅपटॉपला काही दिसेना. कारण बाबांच्या संगणकाने घरचं नेटवर्क 'पब्लिक' धरलेलं होतं. पहिल्यांदा नेट जोडलं तेव्हा त्याने विचारलं असणार आणि बाबांनी, बँकेतल्या सवयीने, जास्त सावध पर्याय निवडला असणार. पब्लिक म्हणजे स्टेशनावरचं वायफाय समजून संगणक तोंड मिटून बसतो. ते 'प्रायव्हेट' केलं, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग सुरू केलं. एवढं करून नावाने सापडला नाही, पण आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, टाकल्यावर सापडला. नावाने का नाही, हा प्रश्न मी तेव्हा सोडून दिला. तिथेच थांबून उत्तर शोधलं असतं तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

पहिली प्रश्नपत्रिका गच्चीवरून निघाली तेव्हा खाली आई दचकली. "अहो, हा आपोआप छापतोय!"

वहिनीच्या लॅपटॉपवर मात्र अडलं. लॅपटॉप ऑफिसचा. शेअर केलेला प्रिंटर जोडताना त्याचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी कसं बोलायचं हे संगणकाला शिकवणारा प्रोग्रॅम, बाबांच्या संगणकातून यायचा असतो, आणि तिथे तो अॅडमिनचा पासवर्ड मागून बसला. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत एक भोक सापडलं होतं, 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलं. नको तो ड्रायव्हर घुसवून संगणकच ताब्यात घेता येत होता. म्हणून त्या ऑगस्टपासून असा ड्रायव्हर टाकायचा हक्क फक्त अॅडमिनला राहिला. नियम रास्त आहे. पण वहिनीच्या ऑफिसातले लोक सासऱ्यांच्या प्रिंटरसाठी पासवर्ड थोडाच देणार.

खरा घोळ रात्री साडेनऊला झाला. बाबा झोपायला गेले. झोपण्याआधी ते भिंतीवरचा खटका बंद करतात: संगणक, प्रिंटर, टेबलावरचा दिवा, सगळं एका झटक्यात. त्यांना सांगून पाहिलं की संगणक चालू राहू द्या.

"रात्रभर? कोणासाठी?"

"कोणी काही पाठवलं तर."

"रात्री कोण पाठवतं?"

मी पाठवतो, पण ते बोललो नाही. मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला, कारण बाबा वाद घालत नाहीत, हिशोब मांडतात. डेस्कटॉप नुसता बसून ५० वॅट खातो असं धरलं, तर २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे महिन्याला ३६ युनिट. "वर्षाला चारशे बत्तीस," ते म्हणाले, "तुझ्या तीन प्रश्नपत्रिकांसाठी." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. स्लीपमध्ये टाकून पाहिला, पण झोपलेल्या संगणकाला छपाईसाठी नेटवर्कवरून उठवणं या जुन्या मदरबोर्डवर कधी जमे, कधी नाही. मधल्या काळात टोपली परत सुरू झाली.

मग लक्ष राऊटरकडे गेलं. घरात रात्री कोणीही बंद करत नाही अशी वस्तू तीच. बाबांच्याच खोलीत, टेबलाच्या वर भिंतीला, इन्व्हर्टरच्या लाइनवर. आणि त्याला मागे यूएसबी पोर्ट! प्रिंटर तिथे लावला. काही नाही. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर यूएसबीखाली फक्त फाइल शेअरिंग होतं. ज्यांनी राऊटर बसवला त्यांना फोन केला. पलीकडून तीनदा सांगितलं गेलं की आधी बंद करून चालू करा.

पूर्वी प्रिंट सर्व्हर नावाचा छोटा डबा मिळायचा, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला नेटवर्क. तो शोधायला जेल रोडला गेलो. तिथल्या गल्लीत मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन यांच्यामधून वाट काढत पाच दुकानं पालथी घातली. सहाव्या दुकानातला म्हणाला, "भिया, वो अब नी आता. नया प्रिंटर ले लो, वायफाय वाला, अभी निकाल के देता हूँ." मी जुन्या प्रिंटरबद्दल सांगायला लागलो तर त्याने फार प्रेमाने विचारलं, "कित्ते साल का है?" तेरा म्हटल्यावर हात जोडले.

तिसरा पहारेकरी मला खरं तर आधीच सुचायला हवा होता, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या विज्ञान प्रदर्शनात तो मी पाहिला होता: रास्पबेरी पाय, एका पाटीवर मावणारा छोटा संगणक. त्यातला झीरो २ डब्ल्यू, ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला. जेमतेम पार्ले-जीच्या बिस्किटाएवढी पाटी, त्यात चार कोअरचा प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी, वायफाय. किंमत सुरुवातीला १५ डॉलर ठरलेली; मला मेमरी कार्ड, केबल सगळं धरून अडीच हजारांच्या आत पडला. आणि मुख्य म्हणजे वीज: नुसता बसलेला असताना एक वॅटच्या आसपास. बाबांच्या हिशोबाने महिन्याला पाऊण युनिटसुद्धा नाही. हा आकडा आधी दाखवला आणि मगच पार्सल फोडलं.

पार्सल फोडल्यावर कळलं की याचे दोन्ही यूएसबी पोर्ट छोट्या, जुन्या मोबाइलसारख्या तोंडाचे आहेत. प्रिंटरची केबल बसणार कशी? परत जेल रोड, छोट्या तोंडाला मोठं तोंड जोडणारा ओटीजीचा तुकडा, चाळीस रुपये. त्यातही दोन तोंडांपैकी एक फक्त विजेचं. मी केबल आधी त्यातच लावून अर्धा तास प्रिंटर का दिसत नाही म्हणून बघत बसलो होतो.

पायवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स टाकलं आणि त्यावर कप्स. छपाईचं हे सॉफ्टवेअर मायकेल स्वीट यांनी लिहिलं, १९९९ मध्ये ते बाहेर आलं, पुढे २००७ मध्ये अॅपलने ते घेतलं. मॅकमध्ये आतून तेच छापतं आणि बहुतेक लिनक्समध्येही. पण त्याचं खरं सुख हे की पायला ना पडदा लागतो ना कीबोर्ड. घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये पायचा पत्ता आणि पुढे ६३१ हा पोर्ट टाकला की त्याचं पान उघडतं, तिथूनच प्रिंटर जोडायचा, रांग पाहायची. यादीत आमचा प्रिंटर नाव-गावासकट दिसला. ड्रायव्हर निवडला, शेअरवर खूण केली, चाचणीचं पान पाठवलं. पडद्यावर उमटलं: काम पूर्ण.

प्रिंटर गप्प.

पुन्हा पाठवलं. काम पूर्ण. प्रिंटर गप्प. केबल काढली, घातली, दुसरी केबल लावली. बाबा मागे खुर्चीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते. "पूर्ण झालं म्हणतोय ना तो?" त्यांनी विचारलं. "मग कागद कुठाय?"

तीन रात्री गेल्या यात. उत्तर सापडलं ते असं की स्वस्त लेझरमधल्या काही जातींच्या पोटात स्वतःचा प्रोग्रॅम कायमचा साठवायची जागाच नसते. पान रचायचं काम तर ते संगणकावर सोपवतातच, पण 'मी प्रिंटर आहे आणि मला असं वागायचं आहे' हेसुद्धा त्यांना दर वेळी चालू झाल्यावर संगणकाने सांगावं लागतं. ती फर्मवेअरची फाइल, काहीशे केबींची, केबलमधून त्यांच्या तोंडात घालावी लागते. बाबांचा विंडोज इतकी वर्षं रोज सकाळी हे निमूटपणे करत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. रोज उठल्यावर त्याला त्याचं नाव सांगावं लागत होतं.

ती फाइल लिनक्सच्या ड्रायव्हरसोबत येत नाही, वेगळी आणावी लागते. आणली. तशीच्या तशी यूएसबीवर सोडली. दोन सेकंद काही नाही. मग आत कुठेतरी गिअर फिरल्याची घरघर, बारीकसा कट्ट आवाज, आणि हिरवा दिवा स्थिर. हा आवाज आम्ही सगळ्यांनी हजारदा ऐकला होता. रोज सकाळी संगणक लावल्यावर यायचा. बाबांनी पेपर खाली ठेवला. "आता झाला जागा," ते म्हणाले. मग चाचणीचं पान परत पाठवलं, आणि ते बाहेर आलं.

मग पायला शिकवून ठेवलं की प्रिंटर यूएसबीवर दिसला रे दिसला की आधी ही फाइल द्यायची. यामुळे बाबांचा खटकाही सुटला. प्रिंटर त्यांनी रात्री खुशाल बंद करावा, पाय जागा राहील. सकाळी प्रिंटर उठला की पाय त्याला नाव सांगेल. आणि राऊटरने प्रिंटरला ओळख दिली असती तरी काही झालं नसतं हेही आत्ता समजलं. ती फाइल त्याला कोण देणार होतं?

राऊटरचा तो पोर्ट वाया जाऊ नये म्हणून मी पायला वीज त्यातूनच दिली होती. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पुतणीने चित्रांचं पान पाठवलं, चारही कोअर कामाला लागले आणि पाय मधेच बंद होऊन परत सुरू झाला. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देण्याची हमी घेतो. तेवढ्यात याचं भागत नाही. जुना मोबाइल चार्जर, इन्व्हर्टरच्या बोर्डावर, विषय संपला. एक सावधगिरी मात्र सांगतो: लेझर प्रिंटर त्याच इन्व्हर्टरवर लावायचा मोह होतो, लावू नये. आतला हीटर तापताना तो क्षणभर इतकी वीज ओढतो की आमच्या खोलीतली ट्यूबलाइटसुद्धा मान खाली घालते.

आता कोडं. बाबांच्या डेस्कटॉपवरून छपाई होत होती. आईच्या फोनवरूनही झाली. तिने कुठल्याशा व्रताची कहाणी छापली आणि टोपलीतून वर पाठवली, का ते माहीत नाही. पण वहिनीच्या आयफोनला प्रिंटर दिसेना, माझ्या अँड्रॉइडलाही नाही. आणि गंमत म्हणजे माझ्याच लॅपटॉपवर ६३१ चं पान व्यवस्थित उघडत होतं. म्हणजे रस्ता आहे, पण दार दिसत नाही.

फोन घेऊन जिना उतरलो. पहिल्या मजल्यावर, नाही. खालच्या पायरीवर, नाही. बाबांच्या खोलीत, आहे! परत वर, नाही. सिग्नलचा प्रश्न म्हणावा तर वर सिग्नलचे सगळे दांडे भरलेले. तेव्हा वायफायचं नाव पाहिलं. वर माझा फोन वरच्या राऊटरला जोडलेला होता आणि खाली आल्यावर खालच्या.

चार वर्षांपूर्वी वर नेट पोचत नव्हतं म्हणून मीच खालून केबल ओढून मधल्या मजल्यावर दुसरा राऊटर बसवला होता, आणि केबल त्याच्या निळ्या, इंटरनेटच्या तोंडात लावली होती. नेट चालू झालं, मी खूश. पण त्यामुळे घरात दोन वेगळी नेटवर्क झाली होती: खाली १९२.१६८.१ ची गल्ली, वर १९२.१६८.० ची. वरून खाली जायचा रस्ता होता, म्हणून पत्ता टाकला की पान उघडे, बाबांचा डेस्कटॉपही आयपीने सापडे. पण प्रिंटर सापडणं वेगळ्या रीतीने होतं. पाय दर थोड्या वेळाने नेटवर्कवर हाळी देतो: मी इथे आहे, मी कागद छापतो. फोन ती हाळी ऐकून यादी करतो. आयफोनसाठी अॅपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं तेही याच हाळीवर चालतं, अँड्रॉइडमधली छपाईही. भाजीवाल्याची हाळी जशी त्याच गल्लीत ऐकू येते आणि मागच्या गल्लीत नाही, तशी ही राऊटर ओलांडत नाही. पहिल्या दिवशी 'बाबा' नावाने का सापडला नव्हता, त्याचंही उत्तर हेच होतं. तेव्हाच शोधलं असतं तर.

उपाय पाच मिनिटांचा. वरच्या राऊटरचं पत्ते वाटायचं काम बंद केलं, त्याला खालच्या गल्लीतला एक मोकळा पत्ता दिला, आणि केबल निळ्या तोंडातून काढून शेजारच्या पिवळ्यात घातली. आता तो राऊटर उरला नाही, नुसता वायफायचा खांब झाला. वहिनीने फोन उघडला, प्रिंट दाबलं आणि यादीत आमचा प्रिंटर आला. "भाऊजी, एवढंच होतं?" तिने विचारलं. हो, एवढंच होतं. ऑफिसच्या लॅपटॉपचा प्रश्नही तिने माझी वाट न पाहता सोडवला: फाइल फोनवर घेते आणि फोनवरून छापते, ड्रायव्हरचं नावच नको.

पायला खालच्या राऊटरमध्ये पत्ता कायमचा राखून ठेवला, नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो बदलतो. हे लगेच करावं.

यानंतर यंत्राची कुरबुर संपली आणि कागदाची सुरू झाली. मंडळाच्या पावत्या एका पानावर चार असतात. बाबांनी छापल्या तर सगळ्यात खालच्या पावतीवर 'खजिनदार' हा शब्द आणि सहीची रेघ गायब. बाबांनी पान माझ्यासमोर धरलं. "पदावरून काढलं का मला?" ड्रायव्हरने कागद अमेरिकन लेटर आकाराचा धरला होता, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० गुणिले २९७. म्हणजे उंचीत १८ मिलिमीटर कमी, आणि त्या १८ मिलिमीटरांत नेमकं बाबांचं पद. कप्सच्या पानावर आकार एकदा बदलला की झालं, पण तोवर सव्वाशे पावत्या छापून झाल्या होत्या. त्या त्यांनी फेकल्या नाहीत. शाईच्या पेनाने प्रत्येक चौथ्या पावतीवर 'खजिनदार' लिहून काढलं.

दुसरी गोष्ट फाँटची. बाबा मराठी टाइप करतात ते 'शिवाजी' फाँटमध्ये, यूनिकोडच्या आधीच्या सवयीने. त्यांच्या संगणकावर पत्र अगदी सुबक दिसतं. त्यांनी सभेच्या सूचनेची वर्ड फाइल वहिनीला व्हॉट्सअॅप केली, "तुझ्या फोनवरून तीस प्रती काढ, बघू चालतं का." निघाल्या तीस प्रती, आणि प्रत्येकीवर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा कचरा. प्रिंटर बिघडला, पाय बिघडला, असं सगळं म्हणून झालं. पण असल्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मुळात रोमन अक्षरंच असतात. फाँट त्यांच्यावर देवनागरीचं सोंग चढवतो. फोनमध्ये तो फाँट नाही, म्हणून सोंग उतरलं. पूर्वी सगळं बाबांच्याच संगणकावरून छापलं जायचं तेव्हा हे कधी उघडं पडलंच नाही. मी त्यांना यूनिकोडचा कीबोर्ड शिकवायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की बारा वर्षांच्या इतिवृत्तांचं काय करायचं. तेव्हा तडजोड: टाइप जुन्याच फाँटमध्ये करायचं, पण पाठवताना पीडीएफ करून पाठवायचं. पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधून जातो. त्यांनी ही युक्ती मंडळाच्या सचिवांनाही शिकवली आणि श्रेय स्वतःकडे ठेवलं.

वाया गेलेली पानं आमच्याकडे सुक्या कचऱ्याच्या डब्यात जायला हवीत, सकाळी गाडी येतेच. पण बाबांनी ती रबर लावून टेबलावर ठेवली. एक बाजू कोरी आहे.

टोपली आता परत भाजीपुरती. आईला त्याचं थोडं वाईट वाटतं, कारण चिठ्ठ्यांमध्ये मी कधीमधी 'चहा झाला का' असंही लिहायचो.

गेल्या महिन्यात पुतणीला प्रकाशसंश्लेषणावर चौदा पानांचं प्रोजेक्ट सकाळी शाळेत द्यायचं होतं. ते तिला रात्री साडेदहाला आठवलं. खाली सामसूम, खटका बंद. तिने फोनवरून प्रिंट दाबलं. काही ऐकू आलं नाही म्हणून परत दाबलं. परत काही नाही, म्हणून वहिनीच्या फोनवरून एकदा. मग रडून झोपली. पाय जागा होता. त्याने तिन्ही कामं घेतली आणि रांगेत लावून ठेवली.

सकाळी आमचा नळाचा दिवस होता. जलूदच्या पंपांवरून सत्तर किलोमीटर चढून नर्मदेचं पाणी येतं ते एक दिवसाआड, त्यामुळे त्या दिवशी बाबा सहाच्या आत उठतात. मोटर लावली, मग सवयीने खोलीतला खटका वर केला. घरघर, कट्ट, हिरवा दिवा. आणि बाबा चहाचा कप हातात घेऊन उभे असताना पानं यायला लागली. एक प्रत. दुसरी प्रत. तिसऱ्या प्रतीच्या नवव्या पानाला ट्रेमधला कागद संपला, तर त्यांनी नवीन घातला, कारण काम अर्धवट सोडणं त्यांना जमत नाही.

पहिली प्रत त्यांनी पिन मारून पहिल्या मजल्यावर नेऊन दिली. बाकीची अठ्ठावीस पानं रबरात गेली. परवा मंडळाच्या सभेत त्यांनी जमाखर्च वाचून दाखवला तो त्याच पानांच्या पाठीवर लिहिलेला होता, आणि समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांना खर्चाच्या प्रत्येक बाबीमागे एकेक हिरव्या पानाचं काळं-पांढरं चित्र दिसत होतं.